स्ट्रक्चरल ऑडिटचा इंग्रजी रिपोर्ट कसा वाचायचा: सीपेजपासून स्पॉलिंगपर्यंत

ठाण्यात नौपाडा, चरई, वर्तकनगर म्हणा नाहीतर इकडे वाशी, नेरुळ, बऱ्याच बिल्डिंगी आता तिशीच्या पुढे गेल्यात. सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट आहे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या बिल्डिंगचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी करायची. ऑडिट होतं, जाडजूड रिपोर्ट येतो, सगळा इंग्रजीत, आणि मग जनरल बॉडीत निम्म्या लोकांनी तो उघडलेलाच नसतो तरी लाखोंच्या खर्चाला हात वर होतात, किंवा खरंच गरजेचं काम "नंतर बघू" म्हणून मागे पडतं. हे मला फार टोचतं, कारण त्यातले कामाचे शब्द मोजकेच आहेत आणि ते कुणालाही समजू शकतात, आपल्या सोसायटीतल्या आजी-आजोबांनासुद्धा.

आधी सेक्रेटरीकडे लेखी अर्ज करून रिपोर्टची कॉपी घ्या, सारांशावर भागवू नका. हातात आल्यावर पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही, सरळ शेवटच्या कन्क्लूजनवर जा आणि कॅटेगरी शोधा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. हे कळलं की बाकीचा रिपोर्ट कुठल्या नजरेने वाचायचा ते ठरतं.

मग पाण्याचे शब्द बघा. लीकेज म्हणजे पाणी सरळ गळतंय, बहुतेक वेळा पाइप किंवा वरच्यांचं टॉयलेट. सीपेज म्हणजे हळूहळू झिरपतंय, डॅम्पनेस म्हणजे नुसती ओल. एफ्लोरेसन्स हा शब्द बघून लोक घाबरतात पण तो म्हणजे भिंतीवर येणारा पांढरा खार, आपण लोणा लागला म्हणतो तोच. पीलिंग, फ्लेकिंग म्हणजे रंगाचे पोपडे, ब्लिस्टरिंग म्हणजे रंगाला आलेले फुगे. यातलं काहीच लगेच बिल्डिंग पाडणारं नाही, पण पाणी कुठून येतंय ते मात्र शोधायलाच हवं कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

क्रॅकच्या बाबतीत एकच बघायचं, तो कशात आहे. प्लास्टरमधला हेअरलाइन क्रॅक, म्हणजे केसाएवढी चीर, सहसा वरवरची असते. सेपरेशन क्रॅक बीम (आडवी तुळई) आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे पडतो, तोही जुन्या बिल्डिंगीत कॉमन आहे. पण कॉलमवर, म्हणजे खांबावर, उभा, सळईच्या रेषेतच चालणारा क्रॅक लिहिला असेल तर तिथे बोट ठेवून थांबा. घरच्या घरी तपासायचं तर चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका, महिन्याभराने चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर ती वाढतेय. हॉलो साउंड किंवा डीबाँडिंग लिहिलंय म्हणजे ठोकल्यावर पोकळ वाजतंय, वरचा थर आतून सुटलाय, त्याच्याखाली मुलांना खेळू देऊ नका.

आता खरा गाभा, सळईचे शब्द. चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे क्षारपणाचा आकडा, १२-१३ च्या आसपास असतो आणि तो तेवढा आहे तोवर आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि तो पीएच ९ च्या आसपास उतरतो, याला कार्बोनेशन म्हणतात. त्याची टेस्ट सोपी आहे, फेनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन मारतात, काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर संरक्षण गेलेलं. आपल्याकडे त्यात खाडीची खारी हवा, म्हणजे क्लोराइड, ते तर सळईला अजूनच खातं. करोजन म्हणजे हा गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा २ ते ६ पट जागा घेतो, त्यामुळे सळई आतून फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडते. ढलपे पडायला लागले की रिपोर्टात लिहितात स्पॉलिंग, सळई दिसायला लागली की एक्सपोज्ड रीइन्फोर्समेंट, आणि सळईच बारीक झाली असेल तर लॉस ऑफ क्रॉस सेक्शन. हे तिन्ही ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने गंभीर होत जातात. स्लॅबपेक्षा बीम आणि बीमपेक्षा कॉलम जास्त काळजीचा, कारण स्लॅबचा तुकडा पडला तर एक खोली धोक्यात येते, कॉलम गेला तर वरचे सगळे मजले.

डिस्ट्रेस्ड (ताण आलेलं), डिटेरिओरेटेड (खराब होत गेलेलं), डिलॅपिडेटेड (मोडकळीला आलेलं) हे शब्द ऑडिटरचं मत सांगतात, त्यामागचा आकडा मागा. अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात, त्यांचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, ३ च्या खाली असेल तर कमजोर. हाफ सेल टेस्टमध्ये सळईचं विद्युत व्होल्टेज मोजतात, ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मत कडक आणि आकडे बरे, किंवा उलट असेल तर ऑडिटरला मीटिंगला बोलवून सगळ्यांसमोर विचारायचं, त्यात संकोच कसला.

दाराच्या चौकटीचं रॉट म्हणजे कुजणं, टर्माइट म्हणजे वाळवी, त्याचं काम सुताराकडे.

तक्रार लिहिताना पण हेच शब्द वापरा. "प्लास्टर पडतंय" लिहिलं की थापी मारून रंग लावून जातात. "स्टिल्टमधल्या लिफ्टजवळच्या कॉलमला स्पॉलिंग आहे, सळई उघडी पडलीय" (स्टिल्ट म्हणजे खालचा पार्किंगचा मजला) असं लिहून, तारीख टाकून, फोटोत शेजारी मोजपट्टी धरून द्या आणि पोच घ्या. कोटेशनमध्ये सैल काँक्रीट काढणं, सळईचा गंज घासणं, अँटी-करोझिव्ह कोट (गंज रोखणारा थर), बाँडिंग कोट (जुनं-नवं काँक्रीट चिकटवणारा थर) आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीचं खास भरण) एवढं सगळं आहे का ते बघा. गंजावर नुसतं प्लास्टर म्हणजे तो आत झाकून ठेवणं. प्रॉपिंग लिहिलं असेल, म्हणजे टेकू द्यायला सांगितलेत, तर ते आधी, मीटिंग नंतर. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी केबिनजवळ कृष्णा निवास रात्री कोसळली, १२ माणसं गेली, म्हणून सांगतो.

आणि सी-१ ची नोटीस आलीच तर घर सोडायच्या आधी फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजून त्याची लेखी नोंद पालिकेकडून मागा, ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, लाइटबिल एका फाइलीत घालून सोबत न्या.