स्क्रीन विचित्र वागतेय? आधी मध्ये लुडबुड करणारं सॉफ्टवेअर पकडा

विंडोचा अर्धा भाग काळा पडतो आणि माउस फिरवला की पुन्हा दिसू लागतो. किंवा टास्कबार उगाच लुकलुकत राहतो. अशा वेळी बरेच जण थेट मॉनिटरवर खापर फोडतात, नाहीतर विंडोज नव्याने टाकायला बसतात. दोन्हीची घाई नको. स्क्रीन रेकॉर्डर, गेमवर आकडे दाखवणारा ओव्हरले, डेस्कटॉप नटवणारी थीम, ब्राउझरचं एक्स्टेन्शन असलं काहीतरी वरून बसवलेलं असतं. ही मंडळी दुसऱ्याच्या विंडोवर आपलं चित्र काढतात आणि घोटाळा होतो.

पहिली पायरी स्क्रीनशॉटची. बिघाड समोर असतानाच विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. बिघाड त्यातही उमटला, तर मॉनिटर आणि केबल निर्दोष. उमटला नाही, तर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, जमल्यास दुसरा मॉनिटर जोडून बघा. रंगांच्या तक्रारीत मात्र ही परीक्षा फसवते, कारण नाइट लाइटचा (रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सोयीचा) पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही. सगळं पिवळट दिसत असेल तर आधी तेच बंद करा. सगळं करडं दिसत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत कलर फिल्टर चुकून चालू झालंय का ते बघा.

लुकलुकणं स्क्रीनशॉटमध्ये सापडणं कठीण. त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळ्यासोबत तोही लुकलुकला तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवायला विंडोजला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तो एकटाच स्थिर राहिला तर एखाद्या प्रोग्रामवर. ड्रायव्हरचं प्रकरण असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून, म्हणजे ड्रायव्हरच्या आधीच्या आवृत्तीवर परत जाऊन बघा.

त्रास फक्त ब्राउझरमध्ये असेल तर काम सोपं. इन्कॉग्निटो विंडोत तेच पान उघडा. मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे पान ठीक दिसलं, तर एकेक एक्स्टेन्शन बंद करत जा. तिथेही तोच प्रकार असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारा पर्याय) बंद करून ब्राउझर पुन्हा चालू करा.

आता खरी मेहनत: क्लीन बूट, म्हणजे वरून बसवलेलं सगळं बंद ठेवून विंडोज सुरू करणं. स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) टाइप करून ते उघडा, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) टॅबवर जा आणि आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करा. हे विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसही बंद पडतील आणि नवंच दुखणं मागे लागेल. मग ‘डिसेबल ऑल’. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत जे जे चालू आहे ते लिहून ठेवा (मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल), सगळं बंद करा आणि संगणक रीस्टार्ट करा.

स्क्रीन शहाण्यासारखी वागू लागली? मग चोर त्या यादीत किंवा बंद केलेल्या सर्व्हिसेसमध्येच आहे. एकेक चालू करून बघण्यात दिवस जाईल, म्हणून अर्धी यादी चालू करा आणि रीस्टार्ट करा. त्रास परतला तर चोर चालू केलेल्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. सोळा प्रोग्राम असले तरी चार फेऱ्यांत नाव हाती लागतं. मात्र या काळात दुसरं काहीही बदलू नका, अपडेटसुद्धा नाही.

सापडलेलं सॉफ्टवेअर लगेच उडवायची गरज नाही. त्याची नवी आवृत्ती टाकून बघा, त्यातला ओव्हरलेचा पर्याय बंद करा. तरीही ऐकलं नाही तर अनइन्स्टॉल. शेवटी एमएसकॉन्फिगमध्ये ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडा. स्टार्टअप यादी मात्र आपोआप पूर्ववत होत नाही, ती त्या फोटोवरून हातानेच चालू करावी लागते.