संथ जर्मन प्रेमपट घरी बघायचा तर

जुना जर्मन प्रेमपट अर्ध्यावर बंद केला जातो, तेव्हा बऱ्याचदा दोष सिनेमाचा नसून टीव्हीच्या सेटिंगचा आणि खोलीतल्या आवाजाचा असतो. या सिनेमांत घडतं ते चेहऱ्यावर, दोन वाक्यांमधल्या थांब्यात आणि पार्श्वभूमीच्या आवाजात. ते दिसलं-ऐकू आलं नाही तर मग खरंच काही घडत नाही.

पहिला सिनेमा म्हणून हेल्मुट कॉयटनरचा 'उंटर डेन ब्र्युकन' (पुलांखाली) घ्या. 1944 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना बर्लिन-पॉट्सडॅम परिसरात चित्रित झालेला, जर्मनीत मात्र 1950 मध्ये लागलेला. मालवाहू बोटीवरचे दोघे मित्र आणि पुलावर भेटलेली अॅना, एवढीच गोष्ट. खलनायक नाही, आणि पडद्यावर युद्धाचा मागमूसही नाही. मूकपटाने सुरुवात करू नका. ते सेकंदाला 16 ते 24 अशा वेगवेगळ्या वेगाने दाखवले जायचे, आणि चुकीच्या वेगाच्या प्रतीत माणसं तुरुतुरु पळतात. पहिल्याच खेपेला त्याने मन उडतं.

आता टीव्ही. चित्र 4:3 ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. 'फुल' किंवा 'झूम' केलंत तर चेहरे पसरट होतात किंवा कपाळ कापलं जातं. 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो', 'ऑटो मोशन प्लस' यांपैकी जे असेल ते बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. 'नॉइज रिडक्शन' बंद, 'शार्पनेस' अगदी कमी. फिल्मचे बारीक कण पुसले की गालांवरच्या करड्या छटाही पुसल्या जातात.

सबटायटल्सचा घोळ नेहमीचा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवरची प्रत सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेमने (चित्रांनी) चालते, म्हणजे 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत संपतो. त्यावर 24 फ्रेमची सबटायटल्स लावली तर दहाव्या मिनिटालाच ती सुमारे 24 सेकंद मागे पडतात. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' ही बटणं सबटायटल्स प्रत्येक वेळी 50 मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात, पण फरक वाढतच जात असेल तर त्यांचा उपयोग नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये 'चेंज फ्रेम रेट' घेऊन 24 वरून 25 करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, आवाज. बोटीवरच्या पहिल्या रात्री अॅनाला झोप लागत नाही. अनोळखी आवाजांनी ती दचकते, आणि त्या दोघा मित्रांपैकी हेंड्रिक तिला एकेक आवाज कशाचा ते सांगत जातो. जवळीक तिथे सुरू होते, तीही स्पर्शाशिवाय. टीव्हीचा 'क्लिअर व्हॉइस' मोड चालू असेल तर तो संवाद उचलतो आणि बाकीचे आवाज दाबतो. प्रसंगाचा जीवच जातो. तो बंद करा, 'सराउंड'ही बंद, कारण मूळ ध्वनी मोनो आहे. मुंबईत रस्त्याकडेची खिडकी असेल तर रात्री दहानंतर बसा, खिडकी लावा, पंखा दोनवर ठेवा आणि साधा वायरचा हेडफोन घाला. दहानंतर भोंगे तरी थांबलेले असतात.

बघताना कान एका गोष्टीकडे ठेवा: पात्रं एकमेकांना 'झी' म्हणतात की 'डू'. आपल्या 'तुम्ही'-'तू'सारखाच हा फरक, पण इंग्रजी सबटायटल्समध्ये दोन्हीकडे एकच शब्द येतो. प्रेमाचा कबुलीजवाब अनेकदा त्या बदलातच असतो, आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. निदान पहिली 40 मिनिटं सलग बघा, 1.25च्या वेगाने तर मुळीच नको, कारण थांबे सगळ्यात आधी तिथे मरतात. कंटाळा आलाच तर प्रसंग संपेपर्यंत थांबून उरलेला उद्या बघा.

हा आवडला तर पुढे माक्स ओफ्युल्सचा 1933चा 'लीबेलाय' बघा, व्हिएन्नातली शोकांत प्रेमकथा. आणि त्यानंतर मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' (1936) जरूर लावा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेरा योझेफ विर्शिंगचा, दोघेही जर्मन. अशोक कुमार आणि देविका राणी यांच्या चेहऱ्यांवर प्रकाश कसा टाकलाय ते 'लीबेलाय'च्या शेजारी ठेवून पाहा.