ठाण्यात बसून जगभरच्या संशोधकांची ऑनलाइन परिषद कशी भरवावी

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयीन विभागाने आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायचे ठरवले, की पहिल्या बैठकीत झूम घ्यावे की दुसरे काही, यावरच चर्चा रंगते. ती आठवडाभर बाजूला ठेवावी आणि आधी वेळ ठरवावी, कारण कोणाला प्रश्न विचारता येतील आणि कोण झोपेत असेल, हे वेळापत्रकच ठरवते.

आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा ही सोयीची वेळ आहे. जुलैत त्या वेळी न्यूयॉर्कला सकाळचे ९, साओ पावलोला १०, लंडनला दुपारचे २, नैरोबीला ४ आणि तोक्योला रात्रीचे १० वाजलेले असतात. पूर्वेकडच्यांसाठी तीच चर्चा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला पुन्हा घ्यावी. तेव्हा तोक्योला सकाळचे १० आणि सिडनीला ११ वाजतात. भारतातले घड्याळ वर्षभर बदलत नाही, मात्र अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात शेवटच्या रविवारी ते तासभर पुढे जाते, त्यामुळे मार्चमधल्या परिषदेचे गणित हमखास चुकते. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत भारतीय वेळेशेजारी यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानली जाणारी वेळ छापावी. सभागृहातला सकाळी दहा ते पाचचा कार्यक्रम पडद्यावर जसाच्या तसा आणू नये. दिवसाला तीन तास पुरेत, हवे तर दिवस वाढवावेत.

दुसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: निबंधवाचन आधीच ध्वनिचित्रमुद्रित करून घ्यावे आणि प्रत्यक्ष वेळ फक्त चर्चेला द्यावा. एप्रिल २०२० मध्ये आदिस अबाबात व्हायची असलेली ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन लर्निंग रिप्रेझेंटेशन्स’ ही मशीन लर्निंगवरची परिषद महामारीमुळे पूर्णपणे ऑनलाइन झाली, तेव्हा हाच मार्ग स्वीकारला गेला होता. दहा-बारा मिनिटांचे मुद्रण आठवडाभर आधी सर्वांना मिळाले, की ज्यांचे इंटरनेट मंद आहे किंवा ज्यांना वक्त्याचे उच्चार पहिल्यांदा ऐकून कळत नाहीत, त्यांनाही ते थांबवून, मागे नेऊन पाहता येते आणि प्रश्न नेमके येतात.

निबंध मागवणारे पत्रक सहा महिने आधी काढावे. प्रत्येक सारांश दोन परीक्षकांकडे लेखकाचे नाव झाकून पाठवावा.

आता साधनांकडे वळावे. झूमच्या मोफत खात्यावरची बैठक ४० मिनिटांत संपते, तेव्हा सशुल्क खाते लागतेच. चीनमध्ये गूगलच्या सेवा सहसा उघडत नाहीत, त्यामुळे नोंदणी केवळ गूगल फॉर्मवर ठेवल्यास तिथल्या संशोधकांना दार बंद होते. ईमेलने नोंदणीची सोय असावी. होस्ट आणि को-होस्ट एकाच इमारतीत बसू नयेत. एक जण घोडबंदर रोडला असेल, तर दुसरा ऐरोलीला किंवा खारघरला असावा आणि दोघांचे ब्रॉडबँड वेगळ्या कंपन्यांचे असावे, म्हणजे पावसाळ्यात एकीकडची वीज गेली तरी सत्र थांबत नाही.

परिषदेच्या चार दिवस आधी सर्व सत्राध्यक्षांसह रंगीत तालीम घ्यावी. दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय मिळून पाच मिनिटांत आटपावेत. पाहुण्यांचा परिचय पत्रिकेत सविस्तर छापला, तर त्यांचा मान कुठेही कमी होत नाही. चर्चेच्या सुरुवातीची शांतता मोडण्यासाठी सत्राध्यक्षाने प्रत्येक निबंधावर एक प्रश्न तयार ठेवावा आणि त्यानंतरची पहिली संधी विद्यार्थ्याला द्यावी. प्राध्यापक एकदा बोलू लागले, की विद्यार्थी हात वर करत नाहीत, हे आपल्या वर्गांतून आपण पाहतोच.

परिषद संपल्यावर वक्त्यांच्या लेखी संमतीने मुद्रणे आणि निबंध झेनोडो या संशोधन साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवावेत. तिथे प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळखक्रमांक, विनामूल्य मिळतो. प्रश्न लिहून विचारण्याची सोय मात्र आणखी सात दिवस चालू ठेवावी आणि त्यांना उत्तरे देण्याचे वचन वक्त्यांकडून निमंत्रण देतानाच घ्यावे.