एक्स-३२ कन्सोलला कार्ड आणि स्टेज बॉक्स जोडताना

बेहरिंगरच्या एक्स-३२ या पूर्ण आकाराच्या कन्सोलमध्ये (आवाज मिसळण्याच्या यंत्रात) ३२ माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे भाग), एईएस-५० या एकाच केबलवरून अनेक चॅनेलचा डिजिटल आवाज नेणाऱ्या जोडणीची दोन पोर्ट आणि एका विस्तार कार्डाची जागा असते. यांवर काहीही जोडले तरी मिक्समधले चॅनेल वाढत नाहीत, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे. ३२ मुख्य आणि ८ ऑक्स (पूरक) मिळून ४० इनपुट चॅनेल ठरलेले असतात. त्यांत सिग्नल कोठून आणायचा, एवढीच निवड वाढते.

कार्डाची जागा एकच असल्याने दांते (नेटवर्कवरून आवाज नेणारी पद्धत) किंवा अ‍ॅडॅट (ऑप्टिकल केबलवरून आवाज नेणारी पद्धत) यांचे कार्ड बसवले की यूएसबीचे कार्ड काढावे लागते. केवळ संगणकावर ३२ ट्रॅक घ्यायचे असतील तर यूएसबी कार्ड पुरते, आणि जुन्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरसाठी अ‍ॅडॅट योग्य ठरते. माझ्या मते बहुतेकांनी एक्स-लाइव्ह हे कार्ड घ्यावे, कारण त्यात यूएसबीसोबत दोन एसडी कार्डांवर थेट रेकॉर्डिंग होते आणि संगणक अडकला तरी कार्यक्रम हातचा जात नाही. ४८ किलोहर्ट्‌झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) ३२ ट्रॅक तासाला सुमारे २२ गिगाबाइट जागा घेतात, म्हणजे ३२ गिगाबाइटची दोन कार्डे जेमतेम तीन तास पुरतात. वरच्या बाजूचे पेनड्राइव्हचे पोर्ट मात्र दोन ट्रॅकपुरतेच आहे. कार्ड बदलण्यापूर्वी कन्सोल बंद करून वीजजोडणी काढावी.

एस-१६ सारखा स्टेज बॉक्स (मंचावर ठेवून माइक जोडायची पेटी) एईएस-५० वर जोडावा. केबल नेटवर्कसारखी दिसली तरी ती नेटवर्क स्विचमधून नेता येत नाही. ती शील्ड असलेली कॅट-५ई हवी, आणि शील्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या कनेक्टरला जोडलेले हवे. नाहीतर कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाने कन्सोलला हात लावताच आवाज क्षणभर तुटू शकतो.

जोडलेल्या सर्व उपकरणांचा सॅम्पल रेट एक असावा आणि क्लॉक (नमुने घेण्याची लय) देणारे उपकरणही एकच असावे. साध्या मांडणीत कन्सोल इंटर्नलवर (स्वतःच्या क्लॉकवर) ठेवून स्टेज बॉक्सला एईएस-५० वरून क्लॉक घ्यायला सांगावे. रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून टिक्‌टिक् ऐकू आली तर माइक बदलत बसण्याआधी ही सेटिंग पाहावी.

शेवटी राउटिंग, म्हणजे कोणता सिग्नल कुठे न्यायचा ते ठरवणे. स्थानिक इनपुट, एईएस-५० आणि कार्ड हे स्रोत आठ-आठच्या गटांत निवडले जातात, फर्मवेअर (कन्सोलमधले सॉफ्टवेअर) ४.० पासून एकेक चॅनेलही निवडता येतो. नेहमीच्या राउटिंगमध्ये कार्डाकडे प्रीअँपनंतरचा, पण ईक्यूपूर्वीचा (खर्ज-तीव्र सूर कमी-जास्त करण्यापूर्वीचा) सिग्नल जातो, म्हणून कार्यक्रम सुरू असताना गेन (प्रीअँपमधली सिग्नलची वाढ) हलवला तर तो बदल ट्रॅकवर कायमचा उतरतो. रेकॉर्ड केलेले ट्रॅक त्याच चॅनेलांवर वाजवून मिक्सची तयारी करायची असेल, तर राउटिंगमधल्या रेकॉर्ड (माइकवरून) आणि प्ले (कार्डावरून) या दोन मांडण्या आधीच भराव्यात. एका भजनसंध्येला मी प्लेवरून परत यायला विसरलो होतो, आणि हार्मोनियमच्या माइकचा आवाज का येत नाही, हे शोधण्यात पहिला अभंग संपला होता.