स्पोर्ट्स कार्ड जमवताय? या चुका टाळा, आणि झालीच असेल चूक तर काय करायचं तेही बघा

जुन्या खोक्यातून १९८९-९० ची बेसबॉल कार्डं निघाली की प्रत्येकाच्या डोक्यात पहिला विचार एकच, पस्तीस वर्षं जुनी आहेत म्हणजे घबाड लागलं. नाही हो. ऐंशीच्या दशकाचा शेवट आणि नव्वदची सुरुवात हा काळ हॉबीत जंक वॅक्स म्हणून ओळखला जातो, कारण तेव्हा कंपन्यांनी कार्डं अक्षरशः पोत्यानं छापली आणि लोकांनी ती "पुढे किंमत येईल" म्हणून जपूनही ठेवली, मग आज तुटवडा येणार कुठून? १९८९ च्या अपर डेक कंपनीच्या सेटमधलं केन ग्रिफी ज्युनियरचं १ नंबरचं कार्ड हे त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं, पण त्याचे पीएसए १० ग्रेडचे (पीएसए म्हणजे कार्डाची अवस्था तपासून ग्रेड देणारी कंपनी, १० ही सगळ्यात वरची) नगसुद्धा हजारोंनी आहेत. त्याच सेटमधल्या साध्या खेळाडूंची तर गोष्टच सोडा, पोस्टाचा खर्च निघाला तरी खूप.

उलट बाजूला टी२०६ सेटमधला होनस वॅग्नर. १९०९ ते १९११ दरम्यान सिगरेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड, छपाई लवकर थांबली, आज माहितीत असलेले नग साठच्या आसपास. २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. पण म्हणून नुसतं दुर्मिळ असणं पुरतं असंही समजू नका. १९५२ चं टॉप्स कंपनीचं मिकी मँटल, ३११ नंबर, हे छपाईच्या शीटवर दोनदा आलेलं, डबल प्रिंट कार्ड आहे, म्हणजे त्याच सिरीजमधल्या बऱ्याच कार्डांपेक्षा जास्त छापलेलं, आणि तरी ऑगस्ट २०२२ मध्ये एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या ९.५ ग्रेडचा नग १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. मागणी किती, चांगल्या अवस्थेतले नग किती, दोन्ही एकत्र बघायचं. कोणालाच नको असलेल्या खेळाडूचं १० नगांतलं एक कार्ड शेवटी कोणालाच नको असलेलं कार्डच असतं.

"तेच कार्ड" समजून दुसरंच घेणं

माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात, आणि गंमत म्हणजे फसवणारं कोणी नसतं, आपणच घाईत असतो. फोटो तोच, खेळाडू तोच, वर्ष तेच, पण कार्ड वेगळं.

आइस हॉकीवाल्या वेन ग्रेट्स्कीचं १९७९-८० चं रूकी, म्हणजे खेळाडूचं पहिलं अधिकृत मानलं जाणारं कार्ड, घ्या. एक टॉप्सचं, एक कॅनडातल्या ओ-पी-चीचं. समोरून बघितलं तर जुळे भाऊ, निळी बॉर्डर, तोच फोटो. उलटवून बघा, ओ-पी-चीच्या मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर असतो. ओ-पी-चीचा पीएसए १० नग २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला गेला, टॉप्सवाल्याची किंमत त्याच्या जवळपासही नाही. आणखी एक बारकावा, ओ-पी-चीची कार्डं तारेनं कापली जायची त्यामुळे त्यांच्या कडा मुळातच थोड्या खरबरीत, केसाळ दिसतात. नवख्या माणसाला वाटतं खराब आहे. उलट, एखाद्या ओ-पी-चीच्या चारही कडा ब्लेडनं कापल्यासारख्या गुळगुळीत दिसल्या तर तिथे थांबायचं आणि माप घ्यायचं.

रूकी या शब्दाचंही तसंच. १९५२ च्या मँटलला सर्रास रूकी म्हणतात, पण त्याचं खरं रूकी कार्ड १९५१ चं बोमन कंपनीचं आहे. मायकल जॉर्डनचं १९८६-८७ चं फ्लीअर कंपनीचं कार्ड हे रूकी म्हणून चालतं, पण स्टार कंपनीचं कार्ड १९८४-८५ मध्येच आलेलं. बेसबॉलमध्ये बोमनची प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू खेळाडूंची, कार्डं खेळाडू मेजर लीगमध्ये येण्याच्या आधीच निघतात, म्हणून माइक ट्राउटचं अधिकृत रूकी २०११ चं टॉप्स अपडेट, आणि ३९ लाख डॉलरच्या वर गेलेलं कार्ड मात्र २००९ च्या बोमनचं, ज्याला रूकी म्हणताच येत नाही. तेव्हा विकणाऱ्यानं टायटलमध्ये "रूकी" लिहिलंय यावर जाऊ नका, वर्ष, कंपनी, सेट आणि मागचा नंबर या चार गोष्टी जुळवा, मग किंमत शोधा.

नवीन कार्डांत हा गोंधळ दसपट. एकाच फोटोचे बेस म्हणजे साधे, रिफ्रॅक्टर म्हणजे चमकणारे, वेगवेगळ्या रंगांचे पॅरलल म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या आवृत्त्या, नंबर मारलेले, वन ऑफ वन म्हणजे एकुलते एक. रंगावरून ओळखायला गेलात तर मोबाइलच्या उजेडात चंदेरी आणि निळं सारखंच दिसतं. कार्डावर ९९ पैकी अमुक असा शिक्का आहे का ते बघा, आणि रिफ्रॅक्टर असेल तर कार्ड तिरपं केल्यावर इंद्रधनुष्यासारखी चमक फिरते, बऱ्याच सेटमध्ये मागे तसा शब्दही छापलेला असतो.

मागितलेल्या किमतीला किंमत समजणं

"ऑनलाइन ५ हजार डॉलरला आहे ना!" आहे हो, तीन वर्षांपासून तिथेच आहे. कोणी काहीही मागू शकतं. ईबेवर सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा, तेच कार्ड, तोच पॅरलल, तीच ग्रेडिंग कंपनी, तीच ग्रेड, आणि मागचे निदान पाच-सहा व्यवहार बघा. एक वरचा आणि एक खालचा विचित्र आकडा सोडून द्या. बेस्ट ऑफर स्वीकारलेली असेल तर जी किंमत खोडलेली दिसते ती खरी मिळालेली नसते, खरी त्याहून कमी असते. आणि ऑक्शन संपलं म्हणजे पैसे आलेच असं नाही, जिंकून पळून जाणारे ढीगभर आहेत, म्हणून एकाच मोठ्या आकड्यावर नाचू नका.

काळाचाही फरक पडतो. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्डनच्या फ्लीअरचे दोन पीएसए १० नग प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले, तेव्हा सगळे म्हणत होते आता १० लाख नक्की. वर्ष-दीड वर्षात तेच कार्ड त्याच ग्रेडमध्ये २ लाखांच्या आसपास आलं. आणि हा जॉर्डन, ज्याची कारकीर्द संपून जमाना झाला, कालच्या मॅचमध्ये चमकलेल्या पोराचं काय घेऊन बसलात! ज्या रात्री खेळाडू हेडलाइनमध्ये असतो ती रात्र विकायची असते, घ्यायची नाही. सीझन संपल्यावर तेच कार्ड निवांत मिळतं.

घरच्या घरी वाट लावणं

सगळ्यात आधी, पुसू नका. म्हणजे कोरड्या मऊ मायक्रोफायबरनं चकचकीत कार्डावरची धूळ किंवा बोटाचा ठसा हलक्या हातानं काढणं वेगळं, पण पाणी, स्पिरिट, पॉलिश, कोपऱ्यावर पेननं रंग भरणं, दुमड इस्त्रीनं काढणं, हे सगळं फेरफारात मोडतं. ग्रेडिंगवाल्यांच्या लक्षात आलं तर कार्ड आकड्याशिवाय परत येतं आणि विकताना ते लपवलंत तर तो सरळ फ्रॉड.

ट्रिमिंगचा, म्हणजे कडा कापून कार्ड नीटनेटकं दाखवण्याचा, तर इतिहासच आहे. जगातला सगळ्यात प्रसिद्ध वॅग्नर, जो १९९१ मध्ये वेन ग्रेट्स्कीनं पार्टनरबरोबर ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतला होता, पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड आणि ग्रेड ८, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या असं बिल मास्ट्रो या ऑक्शनवाल्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. त्या कार्डाला त्याच्या प्रसिद्धीनं तारलं. तुमच्या-आमच्या कार्डाला कोण तारणार? म्हणून महागडं रॉ, म्हणजे ग्रेड न केलेलं, कार्ड घेताना मोजा. १९५७ पासूनचं टॉप्सचं माप अडीच बाय साडेतीन इंच, १९५२ चं थोडं मोठं, दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार. त्याच सेटमधलं स्वस्त कार्ड शेजारी ठेवून तुलना केली की फरक पट्टीपेक्षा लवकर दिसतो.

आता झालेल्या चुकांवर उपाय. जुन्या अल्बमचं प्लास्टिक चिकट लागतंय, वास येतोय? ते बहुतेक पीव्हीसी आहे, त्यातलं मऊपणा आणणारं केमिकल कार्डावर उतरतं. कार्डं काढा, पण ओढून नाही, पान कापून उघडा, आणि पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. स्क्रूवाले जाड होल्डर जुन्या लोकांना फार आवडतात, पण घट्ट पिळले की कार्ड दाबलं जातं, चपटं होतं, पृष्ठभाग चिकटतो. आजच ढिले करा.

क्रोम किंवा फॉइल कार्ड वाकडं झालं तर घाबरायचं कारण नाही, एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकसारखा थर, हवेतला दमटपणा कागद पितो किंवा सोडतो आणि कार्ड धनुष्य होतं. पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), त्यावर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर), वर सपाट वजन, आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत-बाहेर असलेल्या डब्यात काही दिवस. हेअर ड्रायर लांब ठेवा! आणि हो, टॉपलोडरमध्ये कार्ड स्लीव्हशिवाय सरकवणं म्हणजे स्वतःच्या हातानं चरे पाडणं. जर्सीच्या तुकड्याचं जाड कार्ड साध्या ३५ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे जाडीचं माप) टॉपलोडरमध्ये कोंबू नका, कोपरे जातात, १३० पॉइंटचा मिळतो.

सगळंच ग्रेडिंगला पाठवणं

"मला तर परफेक्ट दिसतंय, ९ कशी आली?" हा प्रश्न रोजचा. कारण आपण कार्ड समोरून, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली बघतो. पाठवण्याआधी असं करा, खोलीतला दिवा बंद, टेबलावर एकच दिवा, कार्ड डोळ्याच्या पातळीला आणून हळूहळू तिरपं फिरवा. छपाईच्या रेघा, बारीक खळगे, बोटांचे ठसे लगेच वर येतात. मग भिंगानं चारही कोपरे, आधी मागचे, कारण पांढरं पडलेलं मागेच दिसतं. मग सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध आहे ते. डावी बॉर्डर ३ मिलिमीटर, उजवी २, म्हणजे एकूण ५ पैकी ३, झालं ६०/४०. पीएसए १० साठी समोरून ५५/४५ च्या आसपास लागतं, तेव्हा हे कार्ड कितीही कोरं असलं तरी १० विसरा. मागच्या बाजूला जरा सूट असते.

त्यानंतर हिशोब, आणि तो १० धरून करू नका, ९ धरून करा. आजकालच्या कार्डांत ९ ची किंमत बऱ्याचदा रॉ कार्ड अधिक ग्रेडिंग फीच्या आतच राहते, मग कशाला पाठवायचं? पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कुठल्या ग्रेडचे किती नग आहेत त्याची यादी, फुकट बघायला मिळतो, त्यात १० चे नग आधीच हजारोंनी असतील तर तुमचा आणखी एक. जुन्या कार्डाचं गणित वेगळं, तिथे ४ किंवा ५ ग्रेडसुद्धा कामाची, कारण घेणाऱ्याला कार्ड अस्सल आहे याची खात्री मिळते.

खोटी कार्डं, खोटे स्लॅब

जॉर्डन फ्लीअरच्या नकला इतक्या आहेत की अनोळखी माणसाकडून रॉ घेणं मी तरी वेडेपणा म्हणेन. भिंगाखाली अक्षरं बघा, जुन्या अस्सल कार्डांत काळी अक्षरं आणि रेघा सहसा सलग शाईच्या असतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत त्यांच्यातही रंगीत ठिपके दिसतात. काही नकला तर अधिकृतच आहेत, टॉप्सनं १९८३ मध्ये १९५२ चा सेट पुन्हा छापला होता, पण लहान मापात आणि मागे रीप्रिंट लिहून, तेव्हा मागची बाजू न दाखवणाऱ्या फोटोवर पैसे पाठवू नका.

स्लॅब, म्हणजे ग्रेडिंग कंपनीचा सीलबंद प्लास्टिकचा डबा, आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, पण नकली लेबलवर खरा नंबर चिकटवणं अगदी सोपं आहे, म्हणून तिथला स्कॅन असेल तर सेंटरिंग, एखादा ठिपका, कोपरा, असं कार्डाशीच जुळवायचं.

उरलेल्या बारीकसारीक

नवीन पाकिटांचा बॉक्स फोडायची मजा असते, फोडा, पण सिनेमाच्या तिकिटासारखा खर्च धरा. ठरावीक कार्ड हवं असेल तर ते एकटं विकत घेणं जवळपास नेहमीच स्वस्त. पाकिटावर ऑड्स, म्हणजे कुठलं कार्ड निघण्याची शक्यता किती, छापलेले असतात, ते वाचणारा माणूस मी क्वचितच बघितलाय.

ऑटोग्राफ कार्डात सही थेट कार्डावर आहे की स्टिकरवर, हे बघा, थेट सहीला भाव जास्त. जर्सीच्या तुकड्याच्या कार्डामागचा बारीक मजकूर वाचा, बऱ्याच कार्डांवर हा कपडा कुठल्याही ठरावीक सामन्याशी संबंधित नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टीमचा लोगो नसलेलं, म्हणजे लीगच्या लायसन्सशिवायचं कार्ड दिसायला झकास असलं तरी मागे राहतं. रिडेम्प्शन कार्ड (खरं कार्ड नंतर कंपनीकडून मागवायचं कूपन) निघालं तर त्यावरची मुदत आधी बघा, जुनं न खरवडलेलं रिडेम्प्शन घेताना तर नक्कीच.

आणि पाठवताना टॉपलोडरच्या तोंडावर साधी सेलोटेप लावू नका, रंगकामाची निळी टेप लावा, एक टोक दुमडून ठेवा म्हणजे घेणाऱ्याला सोलता येईल. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कार्ड, पुठ्ठे कार्डापेक्षा सगळीकडून बोटभर मोठे, आणि हलवल्यावर आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडून पॅक करा.