हेल्पडेस्कवरून पुढची पायरी: कोणतं सर्टिफिकेशन निवडायचं आणि कसं

आयटी सपोर्टमध्ये सहा महिने-वर्ष काढलं की सर्टिफिकेशनचे वेध लागतात. मग बहुतेकजण कोणतं नाव मोठं, कोणतं सोपं, सोबतच्याने कोणतं केलं, हेच बघत बसतात. सुरुवात पुढच्या नोकरीपासून करा. पुढची म्हणजे एकच पायरी वरची. हेल्पडेस्कवर असाल तर डेस्कटॉप सपोर्ट किंवा ज्युनिअर सिस्टम अ‍ॅडमिन. क्लाउड आर्किटेक्ट नव्हे.

त्या पदाच्या वीसेक जाहिराती उघडा आणि कागदावर दोन रकाने आखा. एकात जाहिरातीत नावाने मागितलेली सर्टिफिकेशनं लिहा, दुसऱ्यात कामं: इंट्यून (मायक्रोसॉफ्टचं डिव्हाइस सांभाळायचं साधन), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातली खाती आणि संगणक एका जागी सांभाळणारी यंत्रणा), स्विच कॉन्फिगरेशन, लिनक्स, जे असेल ते. 'आवश्यक' आणि 'असल्यास प्राधान्य' यांच्या खुणा वेगळ्या करा. आता स्वतः सोडवलेली शेवटची ५० तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, काढून त्यांचे गट पाडा: पासवर्ड आणि खाती, प्रिंटर, नेटवर्क, ईमेल, हार्डवेअर. जाहिराती आणि तिकिटं जिथे जुळतात तिथलं सर्टिफिकेशन आधी. रोज हाताखालून जाणारा विषय लवकर मुरतो आणि मुलाखतीत त्यावर खरं उदाहरण देता येतं. जे जाहिरातीत आहे पण तिकिटांत नाही, त्याला घरच्या सराव-लॅबची जोड लागेल, म्हणजे वेळ जास्त धरायचा.

ए प्लस: कोणी करावं, कोणी सोडावं

कॉम्पटिया या संस्थेचं, सपोर्टच्या पायाभूत कामाचं ए प्लस म्हणजे दोन परीक्षा, कोअर १ आणि कोअर २. प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९०० च्या मापावर कोअर १ ला ६७५ आणि कोअर २ ला ७०० लागतात. पहिली हार्डवेअर, नेटवर्किंग, मोबाइल आणि बिघाड शोधणं यावर. दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, सुरक्षा, सॉफ्टवेअरचे बिघाड आणि कामाच्या पद्धतींवर. नोकरी अजून मिळालेली नसेल किंवा अनुभव वर्षाच्या आत असेल तर हे करा. दोन वर्षं सपोर्ट केलेला असेल आणि जाहिराती ते नावाने मागत नसतील, तर सोडून पुढे जा. जे तुमच्या अनुभवातून आधीच दिसतं, त्यासाठी दोन परीक्षांचे पैसे घालू नका.

इथे एक फसगत नेहमी होते. ए प्लसची आताची मालिका २२०-१२०१ आणि २२०-१२०२, मार्च २०२५ पासूनची. आधीच्या ११०१ आणि ११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या, पण त्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ अजून सगळीकडे फिरतात. शिवाय दोन्ही कोअर एकाच मालिकेतले लागतात. जुनं कोअर १ आणि नवं कोअर २ अशी जोडी चालत नाही. कोणत्याही परीक्षेचं साहित्य घेण्याआधी तिचा क्रमांक परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या पानावर जुळवून बघा आणि तिथूनच अभ्यासक्रमाची मोफत पीडीएफ उतरवून घ्या. तीच तुमची तपासणी-यादी. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई हे जुनं सर्टिफिकेशन तर जानेवारी २०२१ मध्येच बंद झालं, तरी काही जाहिरातींत आजही दिसतं. त्याच्या मागे लागू नका.

नेटवर्क प्लस की सीसीएनए?

नेटवर्ककडे वळणाऱ्यांनी या निर्णयाला वेळ द्यावा. कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेलं नाही. संकल्पना विस्ताराने येतात, कमांड फारशा नाहीत. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोच्या सीसीएनएची एकच परीक्षा, २००-३०१, वेळ १२० मिनिटं. त्यात व्हीलॅन आणि ट्रंक (स्विचवर वेगळी नेटवर्कं पाडणं आणि ती एका तारेवरून नेणं), ओएसपीएफ (मार्ग शोधणं), एसीएल (कोणाला सोडायचं याचे नियम), नॅट (पत्ते बदलणं) हे सगळं प्रत्यक्ष कॉन्फिगर करता यावं लागतं.

नेटवर्क इंजिनिअर व्हायचंच ठरलं असेल तर थेट सीसीएनए करा. आधी नेटवर्क प्लस करण्याची सक्ती नाही, आणि दोन्ही करण्यात निम्मा अभ्यास तोच तो होतो. डेस्कटॉप किंवा सिस्टमकडे जायचं असेल तर नेटवर्क प्लस पुरतं.

आपली तयारी जोखायची एक साधी कसोटी: /२६ (नेटवर्कचा आकार सांगणारी खूण) मध्ये वापरता येतील असे पत्ते किती, आणि १९२.१६८.१०.१३० हा पत्ता कोणत्या सबनेटात, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या तुकड्यात, बसतो? उत्तरं ६२ आणि १९२.१६८.१०.१२८. कागद न घेता अर्ध्या मिनिटात आली तर सीसीएनएची वाट मोकळी. नाही आली तर दोन आठवडे रोज दहा गणितं सोडवा आणि मगच परीक्षेची तारीख घ्या. सिस्कोच्या परीक्षेत एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, म्हणून हिशेबाचा वेग तिथे जास्त महत्त्वाचा.

डेस्कटॉप सपोर्टमधून वर जायला मायक्रोसॉफ्टचं एमडी-१०२ फार उपयोगी आहे: इंट्यून, ऑटोपायलट (नवे संगणक आपोआप तयार करणं), डिव्हाइसची धोरणं, म्हणजे ऑफिसातलं रोजचंच काम. एझेड-९०० मात्र मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची फक्त ओळख करून देतं. नुसत्या त्यावर बढती मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आयटी सेवा चालवण्याच्या पद्धतींवरच्या आयटीआयएल ४ फाउंडेशनमध्ये ४० प्रश्न, ६० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर. मोठ्या सर्व्हिस डेस्कवर, टीम लीडकडे डोळा असेल, तर हे करा. एरवी थांबलं तरी चालेल.

सुरक्षेची ओढ असेल तर कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस, पण नेटवर्किंग पक्कं झाल्यावरच. पोर्ट आणि प्रोटोकॉल कळत नसतील तर हल्ल्यांची नावं नुसती पाठ होतात. सीआयएसएसपी हे अनुभवी सुरक्षा तज्ज्ञांचं सर्टिफिकेशन आत्ता नकोच. परीक्षा उत्तीर्ण झालात तरी पाच वर्षांच्या अनुभवाशिवाय ते पूर्ण मिळत नाही.

लॅबशिवाय अभ्यास म्हणजे पाठांतर

१६ जीबी रॅमचा संगणक आणि व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), इतकं पुरे. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची आणि विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत मिळते. दोघांना प्रत्येकी ४ जीबी रॅम द्या. विंडोज ११ साठी व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ईएफआय आणि टीपीएम २.० चालू ठेवा, नाहीतर इन्स्टॉलेशन अडतं. सर्व्हरला स्थिर आयपी द्या, त्यावर डोमेन कंट्रोलर (सगळी खाती आणि परवानग्या सांभाळणारा सर्व्हर) उभारा, क्लायंट डोमेनला जोडा, ग्रुप पॉलिसीने (डोमेनमधल्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या नियमांनी) एक ड्राइव्ह मॅप करा. पहिल्यांदा डोमेन जोडताना बहुधा 'डोमेन सापडलं नाही' असं येतं, कारण क्लायंटचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) राउटरकडे बोट दाखवत असतो. तिथे डोमेन कंट्रोलरचा आयपी घाला. सीसीएनएसाठी सिस्कोचं नेटवर्क-सरावाचं सॉफ्टवेअर, पॅकेट ट्रेसर, मोफत आहे. लॅबमध्ये मुद्दाम बिघाड करा आणि दुरुस्ती तिकिटासारखी लिहून ठेवा: लक्षण, कारण, उपाय. मुलाखतीला जाताना त्या नोंदी चाळायला मिळतात.

पैसे भरण्याआधी नूतनीकरण बघा. कॉम्पटियाची ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सिक्युरिटी प्लस ही तिन्ही सर्टिफिकेशनं तीन वर्षं टिकतात. सिक्युरिटी प्लस उत्तीर्ण झालात तर आधीची ए प्लस आणि नेटवर्क प्लस त्यासोबतच नव्याने वैध होतात, म्हणून खालून वर हा क्रम पैसे वाचवतो. एमडी-१०२ दर वर्षी नूतनीकरणाला येतं. ते मोफत आणि घरबसल्या होतं, मुदतीच्या आधी सहा महिने खिडकी उघडते. चुकलात तर पूर्ण परीक्षा पुन्हा, पैसे भरून. पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये आठवण लावा. खर्च कंपनी देते का, हेही साहेबांना आधीच विचारा. परीक्षा दिल्यावर परतावा मागितला तर मंजुरी आधी का घेतली नाही, असा प्रश्न येतो.

तारीख सराव परीक्षेत सलग दोनदा ८५ टक्के आल्यावर घ्या, आणि दोन्ही वेळा प्रश्नसंच वेगळा हवा. तोच संच पुन्हा सोडवला तर गुण वाढतात ते आठवणीने. फुटलेले प्रश्न विकणाऱ्या संचांना हात लावू नका. पकडले गेलात तर सर्टिफिकेशन रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात.

कॉम्पटियाच्या परीक्षेत करून दाखवायचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात. त्यांना खूण करून पुढे जा, बाकीचे आटपून परत या. त्यांच्यातच अर्धा तास गेला तर शेवटचे सोपे प्रश्न राहून जातात. नापास झालात तर निकालपत्रावर कोणते मुद्दे चुकले ते छापलेलं असतं. फक्त तेवढेच मुद्दे अभ्यासक्रमाच्या पीडीएफवर रंगवा आणि त्यांच्यावरच काम करा. कॉम्पटियामध्ये दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, तिसऱ्याआधी १४ दिवस. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्यानंतर २४ तास. सिस्कोमध्ये पाच दिवस. तरीही दुसरी तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरचीच घ्या, कारण प्रत्येक प्रयत्नाचं शुल्क पुन्हा पूर्ण भरावं लागतं.