दुबार ओळी काढण्याआधीची तयारी

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये युनिक, सॉर्ट किंवा ऑक या कमांडनी फाइलीतल्या दुबार, म्हणजे पुन्हा आलेल्या ओळी काढता येतात; ही त्याआधीची तयारी. सगळ्यात आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा. डब्ल्यूसी मायनस एल या कमांडने ओळी मोजून आकडा टिपून ठेवा.

मग ठरवा, दुबार म्हणायचं कशाला. माझ्या मते निम्मं काम इथेच आहे, कारण कमांड बाइट, म्हणजे फाइलीत साठवलेले अक्षरांचे संकेत ताडून बघते, दिसण्याशी तिला देणंघेणं नसतं. विंडोजवरून आलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं जादा चिन्ह असतं, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या ओळीही वेगळ्या ठरतात. कॅट मायनस कॅपिटल ए चालवून बघा, ती अशी लपलेली चिन्हं दाखवते. टोकाला नुसतं $ हवं. त्याआधी ^ आणि एम दिसला, तर ते जादा चिन्ह काढणारी डॉस-टू-युनिक्स ही कमांड चालवून घ्या. (मराठी अक्षरं तिथे अगम्य दिसतात, पण फाइल बिघडलेली नसते.) ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेस सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने काढा. मराठी मजकूर असेल तर ‘दुसऱ्या’सारखे शब्द तपासाच. कुणी त्यात थेट ऱ टाइप केलेला असतो, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक; डोळ्यांना फरक कळत नाही, युनिकला कळतो. एक रूप ठरवा आणि सेडने सगळीकडे तेच करून घ्या.

क्रम राखायचा आहे का, तेही आत्ताच ठरवा. युनिक फक्त लागून असलेल्या ओळी ताडते, म्हणून सारख्या ओळी शेजारी आणायला आधी सॉर्ट लागतं, आणि सॉर्टमध्ये लॉगचा (घडामोडींच्या नोंदींचा) क्रम किंवा वरची शीर्षकाची ओळ हलते. क्रम हवा असेल तर ऑक वापरा, ओळ पहिल्यांदा आली तरच छापायची या अटीवर. ऑक मात्र प्रत्येक वेगळी ओळ मेमरीत धरून ठेवतं. फाइल अवाढव्य असेल तर सॉर्टच बरं; ते डिस्कवर तात्पुरत्या फाइली करतं, तेवढी जागा आहे ना ते बघा.

काहीही काढण्याआधी सॉर्ट केलेल्या मजकुरावर युनिक मायनस डी, म्हणजे फक्त दुबार ओळी दाखवणारा पर्याय, चालवून त्या नजरेखालून घाला. रिकाम्या ओळी, कोडमधले बंद कंस हे मुद्दाम पुन्हा आलेले असतात. आणि मायनस यू हा पर्याय जपून वापरा: सॉर्टमध्ये ते प्रत्येक ओळीची एक प्रत ठेवतं, युनिकमध्ये मात्र पुन्हा आलेली ओळ समूळ गाळतं.

निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलीत घ्या. > या निकाल फाइलीत वळवणाऱ्या चिन्हापुढे तेच नाव दिलंत तर सॉर्टने वाचण्याआधीच शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रिकामी करतं. शेवटी साफ केलेली प्रत आणि नवी फाइल, दोन्हींवर सॉर्ट मायनस यू चालवून निकाल डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडा. डिफने काहीच दाखवलं नाही, तर एकही वेगळी ओळ हरवलेली नाही.